यंत्राची खंडेनवमी

इकडे ये गं मंजिरी. अशी समोर बस. त्या खुर्चीवर नको, ती हलते. आणि आधी तो फोन पालथा ठेव बघू. किती वेळा सांगितलं तुला, माणसाशी बोलताना फोन उताणा ठेवू नये, तो सारखा आपल्या तोंडाकडे बघत राहतो. केसांचं काय केलंयस हे? जेवलीस का? जेवलीस म्हणजे काय, बिस्किटं?

समोर नाहीस हे कळतंय मला. एवढी काही बहकलेली नाही अजून. पण लिहायचं मला कोणी शिकवलेलं नाही, माझी शाळा सातवीनंतर सुटली. पुढचं सगळं मी वाचून वाचून आणि विचारून विचारून उचललं. त्यामुळे कोणाला तरी समोर बसवल्याशिवाय माझ्या हातून ओळ उतरत नाही. आमच्या मराठी वाचनालयाच्या दिवाळी अंकाला लेख द्या म्हणून तिथले सेतुराव हात धुऊन मागे लागलेत. म्हणून तुला बसवलंय.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. मंजिरी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. साताऱ्याहून इथे चेन्नईला आली, पहिले दोन महिने माझ्याकडे राहिली, मग सिरुसेरीजवळ तिने खोली घेतली. शोळिंगनल्लूरला एका मोठ्या ऑफिसात काम करते. माझं घर एग्मोर स्टेशनच्या मागच्या बाजूला. तिच्याकडून माझ्याकडे यायला दोन बस. अंतर काही फार नाही. अंतर फार नाही, हेच तर सांगायचंय मला. पण ते मागाहून.

नवरात्र आलं. इथलं नवरात्र आधी नाकाला कळतं. मोगऱ्याचे हारे, ओली हळद, केळीचे खुंट. रिक्षावाले रिक्षाला धुऊनपुसून चंदन लावतात आणि पुढच्या काचेला हार घालतात, मग त्यांना समोरचं किती दिसतं देव जाणे. घरोघरी पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. त्याला इथे कोलू म्हणतात. शेजारच्या बाईंच्या कोलूत देव आहेत, वाणी आहे, लग्नाची वरात आहे आणि गेल्या वर्षीपासून मांडीवर लॅपटॉप घेतलेली एक बाहुलीही आहे. मी तिच्याकडे बघत उभी राहिले, तर बाई म्हणाल्या, "कोण हे, तुमची भाची का?" हसले मी. पण घरी येताना जिन्यात थांबले जरा. दम लागला होता. नुसता दमच होता की आणखी काही, ते नक्की सांगता येणार नाही.

तसं मला हल्ली बऱ्याच गोष्टींचं नक्की सांगता येत नाही. त्याची सुरुवात चार वर्षांपूर्वीच्या अशाच एका नवरात्रात झाली.

आमचं वाचनालय म्हणजे दोन खोल्या आणि एक गच्ची. रेल्वेत, बँकेत, कारखान्यात बदली होऊन आलेल्या मराठी माणसांनी कधीकाळी जमवलेली पुस्तकं. माणसं निवृत्त होऊन गावी गेली, पुस्तकं इथेच राहिली. त्या सगळ्या पुस्तकांची यादी मी एका बोटाने कॉम्प्युटरवर चढवली. दोन वर्षं लागली. सेतुराव म्हणायचे, "अक्का, या बोटास एक सोन्याची अंगठी करावी." सेतुराव मूळचे तंजावरचे. त्यांची मराठी आमच्या आजोबांच्या पत्रांसारखी, आणि तोंडाने बोलताना तिला तमिळचा झोका. अंगठी काही कोणी केली नाही, पण यादी झाली. कुठलं पुस्तक कोणी नेलं, कधी आणायचं, सगळं त्यात.

तो कॉम्प्युटर जुना. पंधरा दिवसांनी एकदा तो रुसायचा. पडदा निळा व्हायचा, नाहीतर एक गोल नुसता गरगर फिरत राहायचा. मी फोन करायची, "मंजे, बसला गं हा." की शनिवारी तू हजर. टेबलाखाली शिरायचीस, शिंकायचीस, वायरी ओढायचीस. वरून मी थालीपीठाचा तुकडा धरायची, तू खालून तोंड पुढे करायचीस. आणि टेबलाखालूनच काय काय सांगायचीस! तो साताऱ्याचा मुलगा तुला का नको होता, ते मला तू टेबलाखालूनच सांगितलंस. आईला सांगू नकोस म्हणालीस. नाही सांगितलं. आता इथे लिहिलं, पण तुझी आई हा अंक वाचायची नाही, तिला चष्मा सापडत नाही.

समोरासमोर बसून माणूस जे बोलत नाही, ते टेबलाखालून बोलतो. असं का असतं? मला नाही कळत.

तर त्या वर्षी, घट बसायच्या आधीच्या शनिवारी, तू टेबलाखालून बाहेर आलीस. कपाळाला जळमट. आणि म्हणालीस, "मावशी, आता मी अशी सोय करते ना, की मला यावंच लागणार नाही."

केवढी खूश होतीस! मीही खूश झाले. म्हटलं, शाबास गं माझी पोर. तुझ्या डब्यात चकल्या भरल्या. तू जे बोललीस ते मला ऐकू आलं त्याच क्षणी, पण कळलं केव्हा म्हणशील, तर नवमीच्या दिवशी.

तुझं कामच ते. मला कळलं तेवढं सांगते, चुकलं तर हसू नका. मोठमोठी यंत्रं असतात, ती बिघडतात. पूर्वी बिघडली की माणसं धावायची. आता एक पहारेकरी प्रोग्राम बसवतात. तो यंत्राला सारखा विचारतो, आहेस का? आहेस का? उत्तर नाही आलं की त्याला बंद करून पुन्हा चालू करतो. आतलं काही नासलं असलं तर काल जपून ठेवलेली नक्कल काढून जागेवर ठेवतो. हे सगळं आपलं आपण. आणि त्या पहारेकऱ्याला काय सांगायचं, कितीदा विचारू द्यायचं, कशाला बिघाड म्हणायचं आणि कशाला नाही, ते ठरवते मंजिरी.

तोच प्रकार तिने आमच्या वाचनालयात केला. कपाटात साबणाच्या वडीएवढी एक डबी ठेवली, तिला वेगळी बॅटरी. कॉम्प्युटर झोपला की डबी त्याला हाक मारून उठवणार. आणि रोज सकाळी सव्वाआठला माझ्या फोनवर मराठीत निरोप येणार, 'सर्व ठीक आहे.' नाहीतर, 'दोष आढळला. दुरुस्त केला.' मी 'पाहिलं' असं दाबायचं. तिने डबीत माझं नावसुद्धा घातलं, मुख्य देखरेख म्हणून. सातवी पास बाई आणि मुख्य देखरेख!

पण देखरेख कशाची करायची? बिघाड व्हायच्या आणि बरा व्हायच्या मध्ये मी कुठेच नव्हते. निरोप यायचा तेव्हा सगळं उरकलेलं असायचं. एकदा मी अख्खी दुपार बसून नवी आलेली बारा पुस्तकं चढवली, सकाळी बघते तर एकही नाही. निरोप हजर, 'दोष आढळला. दुरुस्त केला.' म्हणजे काय झालं, तर काही तरी नासलं आणि पहारेकऱ्याने आदल्या दिवसाची नक्कल आणून ठेवली. आदल्या दिवशी माझी बारा पुस्तकं नव्हती. त्याच्या लेखी सगळं नीट झालं होतं. चूक कोणाची म्हणायची? त्याची नाही, माझी नाही. मग पुस्तकं गेली कुठे? मी पुन्हा बसले आणि बाराच्या बारा पुन्हा चढवली.

आमचे हे रेल्वेत होते, ते यावर काय म्हणाले असते, असं मनात येतं. ह्यांचं काम गाडी तपासण्याचं. लांब दांड्याची हातोडी घेऊन फलाटाच्या कडेने जायचं आणि एकेक चाक ठोकायचं. चाक चांगलं असलं तर घंटेसारखं वाजतं. तडा गेला असेल तर बद्द आवाज येतो. लग्न होऊन नवी नवी आले तेव्हा मी विचारलं होतं, "चांगली दिसताहेत की सगळी, मग सगळी कशाला ठोकता?" तर म्हणाले, "ठोकल्याशिवाय चांगलं आहे हे कळतं कसं?" मला तेव्हा ते उत्तर उर्मट वाटलं होतं.

हां, तर खंडेनवमी. आपल्याकडे दसऱ्याला यंत्राला झेंडू वाहिला की ते लगेच कामाला लागतं. इथली रीत वेगळी. नवमीला हत्यारं, पुस्तकं, पेन, शिलाईचं मशीन, जे काही पोटाला देतं ते सगळं देवापुढे ठेवायचं आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्याला विश्रांती. इतकी वर्षं इथे राहून ही रीत माझ्या अंगात मुरलीय. वाचायचंसुद्धा नाही त्या दिवशी, आणि वाचायचं नाही म्हटलं की चुरमुऱ्याच्या पुडीचा कागदही वाचावासा वाटतो.

त्या नवमीला सकाळी मी आणि सेतुराव वाचनालयात गेलो. कॉम्प्युटर रीतसर बंद केला. त्याला चंदन, कुंकू, वर मोगऱ्याचा गजरा. माझं जुनं जरीचं पातळ घडी करून त्याच्यावर पांघरलं. पुढे सेतुरावांची नोंदवही, कात्री, डिंकाची बाटली. चुरमुरे, डाळं, हरभऱ्याचं सुंडल, म्हणजे इथली खोबरं घातलेली कोरडी उसळ. आरती सुरू केली आणि दुसऱ्या कडव्याला पातळाच्या आत उजेड पडला. पंखा घुरघुरायला लागला.

"अय्यो! सरस्वती!" सेतुरावांनी टाळ खाली ठेवून हात जोडले.

"सरस्वती कसली, चालू झालाय तो," मी म्हटलं आणि बंद केला. पुन्हा आरती. पुन्हा उजेड. गजरा गरम होऊन वास घमघमला. फोनवर निरोप, 'दोष आढळला. दुरुस्त केला.'

"अक्का, हें निजावयास तयार नाहीं," सेतुराव म्हणाले. "यास रजा ठाऊक नाहीं."

मी तुला फोन लावला. सुट्टी असून तुझी कामाची पाळी होती, खोलीत बसून ऑफिसच्या यंत्रांवर लक्ष ठेवून होतीस. तू इतकी हसलीस, इतकी हसलीस की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अगं मावशी, त्याला काय माहीत पूजा आहे! पहारेकऱ्याला वाटतंय कॉम्प्युटर आजारी पडला. तुला सांगितलं होतं ना, बंद करायचा असला की आधी 'देखभाल' बटण दाबायचं?"

"पण मी देखभाल कुठे करतेय? मी पूजा करतेय."

"तेच गं ते. दाब बटण आणि झोपू दे त्याला. नाहीतर पहारेकरी त्याला तीनदा उठवून बघेल. तीनदा नाही उठला तर मला हाक मारेल. मग मला यावंच लागेल, इथून काही करता येत नाही."

मला यावंच लागेल. फोन ठेवला आणि ते शब्द तिथेच राहिले, चुरमुऱ्यांच्या बाजूला.

आता मी लिहिते ते कोणाला सांगितलेलं नाही. 'देखभाल' बटण माझ्या समोर होतं. सेतुराव म्हणत होते, "दाबा, अक्का." मी ते दाबलं नाही. मी वाकले, गुडघा धरून वाकले, आणि भिंतीतली वायर उपटली. फोन पिशवीत टाकला, पिशवी गच्चीच्या दाराला अडकवली आणि येऊन आरती पुरी केली. सेतुरावांनी सगळं पाहिलं. आवाज चढवून आरती तेवढी म्हणाले.

दीड तासाने तू आलीस. दुपारचा पाऊस कोसळत होता, इथला पाऊस असा समुद्राकडून तिरपा येतो, छत्रीला जुमानत नाही. तू ओलीचिंब. रस्त्यात लोकांनी कुंकू भरून फोडलेल्या कोहळ्यांचे लाल शिंतोडे तुझ्या पायांवर. मी क्षणभर घाबरलेच. तू दारात उभी राहिलीस, मला पाहिलंस, आणि तुझा चेहरा असा काही झाला की...

"फोन का नाही उचलला? सहा वेळा केला. मला वाटलं तू पडलीस."

तू पुढे झालीस, टेबलाखाली वाकलीस. बराच वेळ वाकून होतीस. मग वायरचं टोक हातात धरून उठलीस. वायरकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस.

"उंदीर असेल," तू म्हणालीस.

"हो, फार झालेत," मी म्हटलं.

"मोठा दिसतोय. वायर न कुरतडता नीट उपटलीय त्याने. आणि मोगरा लावून आला होता." माझ्या हातांना मोगऱ्याचा वास येत होता.

सेतुराव उठून गच्चीत गेले. पाऊस पडत असताना गच्चीत गेले!

मग तू खाल्लंस. थालीपीठ, सुंडल, परत थालीपीठ. आणि बाकावर आडवी झालीस ती झोपलीसच. मघाचं जरीचं पातळ मी तुझ्यावर घातलं. दर थोड्या वेळाने तुझा फोन थरथरायचा. तू एक डोळा उघडायचीस, बघायचीस, मिटायचीस. मी वाकून पाहिलं. इंग्रजीत होतं, पण तेवढं मला येतं. दोष आढळला, दुरुस्त केला.

"अगं, दुरुस्त केला म्हणतोय ना तो, मग तू कशाला बघतेस?"

"खरंच केला का ते बघते. त्याच्यावर नजर ठेवायला आणखी एक आहे, त्या दुसऱ्यावर मी."

"आणि तुझ्यावर?"

तू कूस बदललीस. मग म्हणालीस, "थालीपीठ उरलंय का गं?"

मला वाटतं तिथे बद्द आवाज आला होता. वाटतं, म्हणजे खात्री नाही. माझे कान काही ह्यांच्यासारखे तयार नाहीत. तू बारीक झाली होतीस, डोळ्यांखाली काळं, पण त्या वयात सगळ्याच पोरी बारीक व्हायला बघतात. तेव्हाच विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी थालीपीठ गरम केलं.

जाण्याआधी तू डबीत एक दुरुस्ती केलीस. दर खंडेनवमीला पहारेकऱ्याला एक दिवस रजा. "त्या दिवशी राखण माणसांनी करायची, मावशी," म्हणालीस. पुढच्या वर्षी राखणीला तू आलीस. त्याच्या पुढच्या वर्षी फोनवर तोंड दाखवलंस. गेल्या वर्षी गजऱ्याचं एक चित्र पाठवलंस, हलणारं.

कॉम्प्युटर मात्र तेव्हापासून एकदाही अडला नाही. तुझं काम चोख आहे. तक्रार करायची तर कोणत्या तोंडाने? लेकराने आपला त्रास वाचवला, ह्याचा त्रास होतो, असं कुठे म्हणतात का? मी स्वतःलाच विचारते, तुला काय हवंय बाई, कॉम्प्युटर बिघडायला हवाय? तर नाही. खरंच नाही. मग काय? इथे माझा गोल गरगर फिरायला लागतो.

आणि एक. हे विचारू की नको, असं महिनाभर चाललंय माझं. रोज सकाळी सव्वाआठला माझ्या फोनवर दोन निरोप येतात. एक डबीचा, 'सर्व ठीक आहे.' दुसरा तुझा, 'गुड मॉर्निंग मावशी, मी मजेत.' दोन्ही सव्वाआठला. रविवारीसुद्धा. तुला ताप होता म्हणून तुझी आई सांगत होती ना, त्या आठवड्यातसुद्धा सव्वाआठला, 'मी मजेत.' तर मंजे, खरं सांग, तो निरोप तू पाठवतेस, की पाठवायचं काम त्याला लावून दिलंयस? रागावणार नाही मी. मला फक्त हे कळत नाही की रोज सकाळी मी 'पाहिलं' म्हणते, ते कोणाला?

सेतुरावांना विचारलं. ते म्हणाले, "अक्का, पोरीस बोलावून घ्या. समोर बसल्यावर कळेल." मग हळूच म्हणाले, "वायर कोठें आहे, ठाऊक आहे तुम्हांस."

ठाऊक आहे. गुडघाही तेवढ्यापुरता वाकेल. पण नाही उपटणार मी या वेळी. तू त्या दिवशी दारात उभी होतीस तो चेहरा मला पुन्हा बघायचा नाही.

म्हणून हे लिहिलं. अंक दिवाळीला निघेल, पण ही पानं मी आजच तुला पाठवतेय. नवमी परवा आहे. पहारेकरी रजेवर असेल, कॉम्प्युटर पातळाखाली झोपला असेल, सेतुराव सुरात नसतील. हरभरे उद्या भिजत घालते. सगळं ठीक आहे गं, काहीसुद्धा बिघडलेलं नाही. ठोकून बघायला ये. तू मला, मी तुला. दोन बस तर आहेत. टेबलाखालची जागा झाडून ठेवलीय, बोलायचं असलं तर तिथे बस, मी वरून थालीपीठ धरते.